सर्व्हर घरचा, तक्रारी सगळ्यांच्या

घरी सर्व्हर ठेवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, वायरी. दुसरी, किस्से. वायरी निदान दिवाळीच्या आवराआवरीत बायको फेकून देते. किस्से मात्र तीच जपून ठेवते आणि पाहुणे आले की बरोबर काढते!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की सर्व्हर म्हणजे सतत चालू राहणारा एक कॉम्प्युटर. आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये तो फ्रिजशेजारी असतो. गाणी, सिनेमे, फोटो, सगळं त्याच्या पोटात. घरातल्या कुठल्याही टीव्हीवर किंवा फोनवर हवं ते लावा, तिथून येतं. त्यावर चालतं लिनक्स. लिनक्स फुकट मिळतं, पण ते वापरणारा माणूस त्याबद्दल गप्प बसू शकत नाही, ही त्याची खरी किंमत. ती माझ्या घरचे भरतात.

*

पहिला किस्सा सर्व्हर घरात आला त्याच दिवशीचा.

एका ऑफिसने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले होते. त्यातला एक मी उचलला आणि स्कूटरवर पायांत धरून घरी आणला. प्रज्ञाने दार उघडलं. प्रज्ञा म्हणजे माझी बायको. ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे प्रश्न विचारायची आणि उत्तर अर्धवट आहे हे चेहऱ्यावर दाखवायची तिला सवय आहे.

"हे काय?"

"सर्व्हर."

"काय करतो?"

"चोवीस तास चालू राहतो."

"आणि?"

"आणि म्हणजे... बंद होत नाही."

तिने सर्व्हरकडे पाहिलं. मग शेजारच्या फ्रिजकडे पाहिलं.

"हाही बंद होत नाही. पण ह्यात निदान कोथिंबीर टिकते."

*

आम्हा सर्व्हरवाल्या मंडळींचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. रविवारी सकाळी सगळे व्हिडिओ कॉलवर जमतात. वरवर ज्ञानाची देवाणघेवाण चालते, पण खरी स्पर्धा एकच. कुणाचा सर्व्हर किती काळ एकदाही बंद न पडता चालला!

एका रविवारी माझी पाळी होती. सर्व्हरचं पान मी सगळ्यांना दाखवत होतो. चालू असल्याचा आकडा वर्षाच्या पुढे गेला होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मित्रांनो, लिनक्सचं वैशिष्ट्य म्हणजे स्थैर्य. आमच्याकडे वर्षभरात एकदाही..."

आकडा गेला. पान पांढरं पडलं. स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला.

मी धावलो. सर्व्हरचा प्लग जमिनीवर आणि मिक्सरचा प्लग बोर्डात. आई नागपूरची. बाबा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली, पण बोली तिने तिकडचीच ठेवलीय.

"आई! प्लग का काढलास?"

"मंग? चटणी काय सिनेमात वाटू?"

परत लॅपटॉपपाशी आलो तर सगळे वाट बघत बसलेले. मग एक जण गंभीरपणे म्हणाला, "आमच्याकडे इडल्या तयार आहेत. चटणी झाली की सांगा."

यावर उपाय म्हणून मी यूपीएस आणला. आईला समोर बसवून नीट समजावलं, की ही मोठी बॅटरी आहे, लाइट गेली तरी हिच्यावरचं मशीन चालू राहतं. आईने लक्षपूर्वक ऐकलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गुरुवारी लाइट गेली. मी आतल्या खोलीत काम करत होतो. एकदम यूपीएस किंचाळायला लागला. पळत गेलो तर आईने मिक्सर थेट त्यालाच लावलेला, आणि आई खूश!

"खरं सांगत होता तू! लाइट गेली तरी चालते!"

पुढच्याच क्षणी मिक्सर, सर्व्हर आणि माझा अभिमान, तिन्ही एकदम बंद पडले.

*

आईला खूश करायचं म्हणून मी एकदा फार मेहनत घेतली. ती संध्याकाळी दोन मालिका बघते. त्यांत मालिका कमी आणि जाहिराती जास्त. मी सर्व्हरवर अशी व्यवस्था केली, की मालिका रेकॉर्ड व्हायची, जाहिराती आपोआप कापल्या जायच्या आणि आईला सलग भाग मिळायचा. त्या कापाकापीत माझा आख्खा शनिवार गेला होता.

आईने चार-पाच दिवस बघितलं. मग जेवताना विषय काढला.

"ते जाहिराती काढून टाकल्या ना तू?"

"हो! कसं वाटतंय?"

"त्या परत लाव बाप्पा."

"अगं, का?"

"जाहिरातीत मी भाजीले फोडणी देत होती. आता कवा देऊ?"

त्या रात्रीची वांग्याची भाजी का करपली होती, ते तेव्हा लक्षात आलं. आता आमच्या सर्व्हरवर आईसाठी जाहिराती जशाच्या तशा राहतात. जगात असा दुसरा सर्व्हर नसेल.

*

माझे सासरे येरवड्याला असतात. बाहेर. हे दुसरं वाक्य ते स्वतःच जोडतात, कारण नुसतं येरवडा म्हटलं की समोरचा माणूस एकदम सहानुभूतीने बघायला लागतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. बोलणं कमी, पण जेवढं बोलतील तेवढं कागदावर उतरवून ठेवावं असं.

त्यांच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला होता. कुठलंही पान उघडलं की परदेशातली कुणीतरी बाई त्यांच्याशी लग्न करायला तयार असायची. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एवढं काहीतरी करा."

मला तर निमित्तच हवं होतं. त्याच दुपारी मी लॅपटॉप पुसून लिनक्स घातलं आणि त्यांना व्याख्यान दिलं. लिनक्स सुरक्षित आहे, जगातले मोठमोठे सर्व्हर त्यावर चालतात, आता व्हायरस येणे नाही, वगैरे. सासरे मान हलवत होते.

महिन्याने पुन्हा गेलो. चहा झाला. मी मोठ्या आशेने विचारलं, "काय बाबा, लॅपटॉप कसा चाललाय?"

"उत्तम."

"व्हायरस?"

"येत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "प्रिंटही येत नाही."

प्रिंटरशी मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झुंजलो. शेवटी एक पान बाहेर आलं. त्यावर फक्त एक उभी काळी रेघ होती. सासऱ्यांनी ते पान उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "बरं आहे. सुरक्षित दिसतंय."

*

अभिजित हा माझा या छंदातला गुरू. त्याच्या घरी दिवे, पंखे, गीझर, सगळं सर्व्हरवर चालतं. एकदा त्याचा सर्व्हर बंद होता, तेव्हा पंखा कसा लावायचा ते त्याला आठवेना. बटण दाबायचं असतं, हे त्याच्या बायकोने, श्वेताने, सांगितलं.

एका रविवारी आम्ही दोघं खडकवासल्याला गेलो होतो. धरणाकाठी ही गर्दी. कांदाभजीच्या प्लेट हातात आल्या होत्या. अभिजित एका हाताने भजी खात होता आणि दुसऱ्या हाताने फोनवरून घरच्या सर्व्हरची सुरक्षा वाढवत होता. बाहेरच्या कुणालाही आत येता येऊ नये, असा नियम त्याने लिहिला. नियम उत्तम होता. फक्त त्या क्षणी अभिजितही बाहेरच होता.

"अरे," तो भजी हातात तशीच धरून म्हणाला, "मी मलाच बंद केलं."

आता घरी कुणीतरी सर्व्हरसमोर बसून नियम काढायला हवा. त्याने श्वेताला फोन लावला. धरणाच्या वाऱ्यात तिला काही ऐकू जाईना, म्हणून हा बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला. आजूबाजूची मंडळी भजी खायची थांबून ऐकायला लागली.

"पासवर्ड सांगतो, लिही! कॅपिटल एम! एम! एम गं! माधवीचा एम!"

वारा जरा पडला होता. त्यामुळे श्वेताचा आवाज मलासुद्धा स्वच्छ ऐकू आला.

"माधवी कोण?"

सर्व्हर दहा मिनिटांत सुरू झाला. अभिजितला वेळ लागला.

*

आमच्या सर्व्हरवर सिनेमे मांडून ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. फार हुशार. आपण नुसती फाइल टाकायची, ते नावावरून इंटरनेटवर शोध घेतं आणि सिनेमाचं पोस्टर, गोष्ट, सगळं स्वतःच आणून लावतं. बहुतेक वेळा बरोबर आणतं.

आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. सासू-सासरे जेवायला आले होते. मी म्हटलं, चला, आपण लग्नाची सीडी सर्व्हरवर चढवलीय, टीव्हीवर बघू. सगळे सोफ्यावर बसले. आई खुर्ची ओढून पुढे आली. मी रिमोटने आमचं लग्न शोधलं आणि उघडलं.

टीव्हीभर पोस्टर आलं. काळंकुट्ट घर, खिडकीत पांढऱ्या साडीतली बाई आणि तिच्या हातात कोयता!

सॉफ्टवेअरने आमच्या लग्नाला कुठल्यातरी भयपटाची माहिती लावली होती. शेजारी मोठ्या अक्षरांत गोष्ट लिहिलेली होती. एका सुखी, साध्या कुटुंबात एक अनोळखी तरुण शिरतो. तो आल्यापासून घरातली यंत्रं आपोआप चालू-बंद होऊ लागतात. कुटुंबाला कळून चुकतं, की आता यातून सुटका नाही.

मी घाईघाईने बटणं दाबायला लागलो, तर पोस्टर आणखी मोठं झालं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई!" प्रज्ञा उशीत तोंड खुपसून हसत होती.

सासऱ्यांनी चष्मा लावला. सगळा मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. चष्मा काढून खिशात ठेवला.

"राहू द्या जावईबापू. माहिती बरोबर आहे."

*

आता दामले काका.

हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच. मुलगी परदेशात. सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली, की तासाभरात तिच्यावर लाल पेनाने शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या होतात. त्या काकांच्या. माझ्याकडे जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग आहेत असं कुणीतरी त्यांना सांगितलं, म्हणून ते एकदा खाली आले. मी त्यांच्या टॅबवर आमच्या सर्व्हरचं खातं काढून दिलं. तिथून माझी नोकरी सुरू झाली.

"गजभिये, आपली सेवा काल दुपारी बंद होती."

"काका, अहो, फुकट आहे ती!"

"म्हणूनच तक्रार करतोय. पैसे भरले असते तर बंद पडायची सवय असती."

त्याच सर्व्हरवर बाबांची गाणी होती. बाबा नागपूरला कारखान्यात फिटर होते. ड्यूटी संपली की वस्तीतल्या विहारात पेटी घेऊन बसायचे. बाबासाहेबांवरची गाणी स्वतः लिहायचे, स्वतःच चाल लावायचे. जयंतीला स्टेजवर त्यांची पार्टी असायची. घरी टेपरेकॉर्डरवर त्यांनी बरीच गाणी भरून ठेवली होती. त्या कॅसेट आईने नागपूरहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणल्या. फिती इतक्या जुन्या, की एकेक शेवटची वाजली आणि तुटली. पण वाजता वाजता गाणी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. रोज सकाळी आई ती लावायची आणि कणीक मळायची.

मग एक दिवस सर्व्हरच्या आतला पॉवर सप्लाय जळाला. जाताना दोन्ही डिस्क घेऊन गेला. एक गेली तर दुसरी असावी, म्हणून दोन ठेवल्या होत्या. दोन्ही एकदम जातील हे ध्यानीमनी नव्हतं. फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडेही होती. गाणी नव्हती.

डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे नेल्या. त्याने आठवडाभर ठेवून घेतल्या आणि फोन केला.

"साहेब, बॉडी आहे. जीव नाही."

घरी मी आईला म्हणत होतो, अपडेट चालू आहे. ती रोज विचारायची, मी रोज तेच सांगायचो. मग ती म्हणाली, "कायचं अपडेट? इतके दिवस काय करून राहिला तू?"

तेव्हा सांगितलं. प्रज्ञा माझ्या शेजारी उभी होती. आईने परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली. मळता मळता म्हणाली, "मले पाठ आहेत." आणि एक गाणं म्हणायला लागली. दुसऱ्या कडव्यावर अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दामले काका.

"गजभिये, सेवा बंद आहे. या वेळी फारच दिवस झाले."

मला इतका संताप आला! म्हटलं, "काका, सगळं गेलं. तुमची नाटकं मिळतील पुन्हा कुठेतरी. माझ्या बाबांची गाणी गेली. ती कुठेच मिळणार नाहीत."

काका वळले आणि जिना चढून वर गेले. मला वाटलं, दुखावले. थोड्या वेळाने पुन्हा बेल. काकांच्या हातात पेन ड्राइव्ह.

"हे घ्या. टॅबवरचं सगळं यात घातलंय."

"काय आहे?"

"आपल्या वडिलांची गाणी. मी उतरवून ठेवली होती."

"तुम्ही... का पण?"

"अहो, ज्याचं वायफाय जिन्यात पोचत नाही, त्याच्या भरवशावर असली गोष्ट ठेवायची?" एवढं बोलून ते निघाले. दोन पायऱ्या चढून थांबले. "नावं मी नीट केली आहेत. आपण सगळीकडे ऱ्हस्व-दीर्घ चुकवले होते."

आम्ही पेन ड्राइव्ह लगेच टीव्हीला लावला. सगळी गाणी होती. प्रत्येकाला पहिल्या ओळीचं नाव, शुद्ध मराठीत. एकही सुटलं नव्हतं. आईने जमिनीवरच बसकण मारली आणि एकेक ऐकत गेली. दुसरं कडवं आलं तेव्हा ती मान हलवून म्हणाली, "हो, असं होतं ते."

सगळ्यांत शेवटी एक फाइल होती, जी आमची नव्हती. नाव होतं 'सराव'. मी लावली.

आधी लांबून बाबांचा आवाज आला, पेटी आली. आणि मग त्यांच्यावर चढून, अगदी माइकला तोंड लावल्यासारखा, दामले काकांचा आवाज! प्रत्येक ळ आणि प्रत्येक ण जागच्या जागी. ताल तेवढा कुठेच नाही. पण गात होते मन लावून.

हे गाणं बाबांनी आमच्या नागपूरच्या घरी टेप केलं होतं. मी तेव्हा पाळण्यात असेन. गाणं रंगात आलेलं असताना मध्येच आतल्या खोलीतून तरुण आईचा आवाज येतो, "अहो, दूध ऊतू चाललं!" आणि बाबा पेटी न थांबवता चालीतच उत्तर देतात, "जाऊ दे गं, जाऊ दे!"

टीव्हीवर ती जागा आली. आईने माझा हात घट्ट धरला. दूध ऊतू गेलं, बाबा म्हणाले जाऊ दे.

आणि दामले काकांनी खणखणीत आवाजात झील धरली.

"अहो, दूध उतू चाललं! जाऊ दे गं, जाऊ दे! जाऊ दे गं, जाऊ दे!"